राईच्या मिठाला गावगाड्यात जागा कुठे?

महाराष्ट्रातली माणसं पूर्वी काय पिकवत होती, काय खात होती आणि एकमेकांना काय देऊन काय घेत होती, असा प्रश्न मराठीत विचारला की बहुतेक वेळा एकाच पुस्तकाचं नाव पुढे येतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’. साल १९१५. स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपासून पीएचडीच्या प्रबंधांपर्यंत सगळीकडे बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार आणि खळ्यावरची धान्याची रास याच पुस्तकाच्या आधारे समजावून दिली जाते. ज्यांनी पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही, त्यांच्या डोक्यात ‘जुनं मराठी गाव’ म्हणून जे चित्र असतं, तेही बरंचसं आत्र्यांच्या गावासारखंच असतं.

या लेखात मला ‘गावगाड्या’ची परीक्षा घ्यायची आहे, आणि तीही त्याच्या घरच्या मैदानावर नाही. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) किंवा पुणे जिल्ह्यातल्या ज्वारी-बाजरीच्या गावात ते पुस्तक तपासलं तर ते पास होणारच. मी ते भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावरच्या राई गावात नेऊन वाचतो आहे. मुर्धे, राई, मोर्वे ही एकमेकांना लागून असलेली गावं. एका बाजूला खाडी आणि तिवरं, मध्ये खाजणं आणि मिठागरं, जवळ भातखाचरं, आणि पुढे उत्तनचा कोळीवाडा. आज हा भाग मीरा-भाईंदर महानगरपालिकेत येतो आणि स्टेशनकडून इमारती दरवर्षी थोड्या पुढे सरकतात. पण माणसं अन्न कसं मिळवतात आणि वस्तूंची देवाणघेवाण कशी करतात, या प्रश्नाचं इथलं उत्तर देशावरच्या उत्तरापेक्षा इतकं वेगळं आहे, की ‘गावगाडा’ इथे आणला की त्याच्या चाकांचा आवाज व्हायला लागतो. तो आवाज ऐकण्यासारखा आहे.

राशीभोवतीचं पुस्तक

आधी पुस्तकाचं श्रेय त्याला देऊ. आत्रे महसूल खात्यात होते, आणि त्या नोकरीचा फायदा पानोपानी दिसतो. गाव म्हणजे काय हे ते भावनेनं सांगत नाहीत, हिशोबानं सांगतात. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीत जे पिकतं ते खळ्यावर येतं, आणि तिथे त्याला वाटेकरी फुटतात. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग असे कारू-नारू आपापल्या ओळीप्रमाणे, थोरली, मधली, धाकटी अशा मानानं, पेंढ्या आणि सुपाच्या मापानं आपला हक्क उचलतात. त्यांच्याखेरीज देवाच्या नावानं, खेळाच्या नावानं, विद्येच्या नावानं मागणारे फिरस्ते येतात. सगळ्यांचं देऊन झाल्यावर कुणब्याच्या घरी काय जातं, हा आत्र्यांचा खरा प्रश्न आहे.

हे काम किती लवकर झालंय ते पाहा. मानववंशशास्त्रात ‘जजमानी’ पद्धत गाजली ती विल्यम वायझर यांच्या १९३६च्या पुस्तकामुळे. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावाचा अभ्यास केला होता. मालिनोव्स्कीचं ट्रोब्रिआंड बेटांवरचं पुस्तक १९२२चं, मार्सेल मॉसचा भेटवस्तूंवरचा निबंध १९२५चा. आत्रे या सगळ्यांच्या आधीचे आहेत, आणि त्यांनी मराठीत लिहिलं. कोण काय घेतं, कशाच्या बदल्यात घेतं आणि बदल्यात काही न देताही का घेतं, हे त्यांनी नेमकं टिपलं.

शिवाय आत्रे गावाच्या प्रेमात पडलेले नाहीत. १८३०मध्ये चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातली गावं म्हणजे छोटी छोटी प्रजासत्ताकं असल्याचं लिहिलं आणि पुढच्या शंभर वर्षांत ‘स्वयंपूर्ण खेडं’ हा एक मंत्रच झाला. आत्रे त्या मंत्राला भुललेले नाहीत. काम बंद झालं तरी वतनाचा हक्क चालू राहतो, आणि त्याचा बोजा कसणाऱ्यावर पडतो, ही त्यांची तक्रार आहे. ते चिडून लिहितात. आज ‘गावगाडा’ हा शब्द आपण व्हॉट्सअॅपवर बैलगाडी आणि मातीच्या घराचा फोटो टाकून वापरतो, त्यात आत्र्यांचा दोष नाही. चिडून लिहिलेल्या पुस्तकाला आपणच हुरहुरीचं पुस्तक करून टाकलं.

राईत रास नाही, ऋतू आहेत

आता राईकडे येऊ. इथे एकच रास धरून हिशोब मांडायला बसलं तर पहिल्याच पायरीवर अडायला होतं.

पावसाळ्यात इथे भात. पण तो साधा भात नाही. समुद्राचं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं, पावसाच्या पाण्यानं जमिनीतला खार धुवून काढायचा आणि मग लावणी करायची. उत्तर कोकणच्या खाऱ्या जमिनीत तग धरणारा ‘राता’ नावाचा लालसर भात प्रसिद्ध आहे. बांध एका जागी फुटला की पाणी एकाच्या शेतात थांबत नाही, सगळ्यांच्या शेतात शिरतं, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणजे इथे शेतीचा पाया काळी नाही, बांध आहे. काळी वाटून घेता येते, बांध वाटता येत नाही. आत्र्यांच्या वाटेकऱ्यांच्या यादीत बांध राखणारा कुणी नाही, कारण देशावर त्याची गरजच नव्हती.

भात निघाला की उन्हाळ्याच्या तोंडावर मिठाचा हंगाम. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या वाफ्यात साठवायचं, तिथून लहान वाफ्यांत फिरवत उन्हावाऱ्यानं दाट करायचं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. पाणी आटत जातं तसे ते एकामागून एक खाली बसतात. आधी चुना-जिप्सम, मग मीठ, आणि शेवटी मॅग्नेशियमचे कडू क्षार. मीठ धरलं की ते कडू पाणी वेळेत बाहेर काढावं लागतं, नाहीतर मीठ कडसर होतं. ही वेळ ओळखणं हेच कौशल्य. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, लाकडी फावड्यानं मीठ ओढायचं, टोपल्यांनी डोक्यावरून वाहून ढिगावर टाकायचं. या वाहतुकीत बायकांचा वाटा फार मोठा. पाऊस आला की हंगाम संपला.

आणि बारा महिने खाडी. बांधाच्या आतबाहेर निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, बोय, नशीब असेल तर जिताडा. हे कुणी पेरलेलं नसतं. हातानं, जाळीनं, पाणी ओसरताना कोंडून, जसं जमेल तसं धरायचं.

मानववंशशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अन्न मिळवण्याच्या पद्धतींचे पाच कप्पे असतात. येहुदी कोहेन या अभ्यासकाची ही मांडणी अजून सगळीकडे शिकवली जाते. शिकार आणि गोळा करणं, फिरती शेती, पशुपालन, स्थिर शेती, उद्योग. आता सांगा, राईच्या एका घराला कुठल्या कप्प्यात टाकायचं? सकाळी निवट्या धरणारा गोळा करणारा, जुलैत लावणी करणारा शेतकरी, मार्चमध्ये मिठागरावर मजुरी करणारा कामगार. तीन माणसं नव्हे, एकच माणूस. कप्पे समाजांचे केले, पण इथे ते एका वर्षात, एका चुलीवर एकत्र शिजतात. खार जमिनीवरच्या माणसाला एका पद्धतीवर विसंबणं परवडतच नाही. भात गेला तर मीठ, मीठ पावसात वाहून गेलं तर मासळी. कप्प्यांच्या भिंती ओलांडणं हीच त्याची पद्धत.

मराठी भाषेनं हा तिढा केव्हाच सोडवलेला आहे. आपण मीठ ‘बनतं’ म्हणत नाही, मीठ ‘पिकतं’ म्हणतो. मिठाच्या जागेला आगर म्हणतो, आणि माडा-पोफळीच्या बागेलाही आगर म्हणतो. ‘आगरी’ हे नाव त्याच शब्दावरून आलं असं मानलं जातं. भाषेला मीठ हे पीक वाटतं. कायद्याला ते तसं वाटत नाही, आणि त्याचे परिणाम पुढे येतीलच.

मीठ खाऊन पोट भरत नाही

‘गावगाड्या’वरचा माझा मुख्य आक्षेप इथे सुरू होतो. धान्याची रास ही अशी वस्तू आहे की जिच्याभोवती बंद गावाची कल्पना करता येते. धान्य पिकलं, वाटलं, खाल्लं. वर्तुळ पूर्ण. मिठाचा ढीग तसा नाही. शंभर पोती मीठ पिकवणारं घर त्यातलं एक पोतं तरी खाईल का? मिठागराचा जन्मच देवाणघेवाणीसाठी होतो. म्हणजे राईसारखं गाव ‘आधी स्वयंपूर्ण होतं आणि मग बाजार आला’ असं कधी असूच शकत नाही. बाजार, किंवा निदान दूरचा कुणीतरी घेणारा, पहिल्या दिवसापासून होता.

आणि मग उलटा प्रश्न. आत्र्यांच्या गावात मीठ कुठून येत होतं? घाटावर समुद्र नाही. भाकरीला मीठ तर रोज लागतं. ते कोकणातून लमाणांच्या, वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून घाट चढून येत होतं, आणि परतताना धान्य खाली उतरत होतं. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि या तांड्यांचा धंदा बसत गेला. १८७१च्या कायद्यानं अनेक भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ हा शिक्का मारायला सुरुवात झाली. आत्रे लिहायला बसले तेव्हा त्यांच्यासमोर उरले होते ते धंदा गेलेले, मागून खाणारे फिरस्ते. त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ या विषयावरही पुस्तक लिहिलं आहे, आणि फिरस्त्यांकडे त्यांची नजर संशयाची आहे.

ही नजर मला खटकते, पण केवळ आजच्या नैतिकतेनं नव्हे. ती हिशोबात चुकते. खळ्याशी उभं राहून पाहिलं तर बाहेरून येणारा प्रत्येक माणूस राशीतलं काहीतरी कमी करणारा दिसतो. मिठागराशी उभं राहून पाहिलं तर बाहेरून येणारा माणूस म्हणजे गिऱ्हाईक. तो आला नाही तर ढीग पावसात विरघळतो. एकच फिरस्ता, दोन गावांतून दोन माणसं दिसतात. आत्र्यांच्या गावाला मीठ लागत होतं, म्हणजे ते गाव फिरस्त्यावर अवलंबून होतं. पुस्तकाच्या ताळेबंदात त्याचं घेणं ठळक दिसतं. त्यानं आणून दिलेलं तितकं ठळक दिसत नाही.

वाटा, वर आणि ठरलेलं घर

अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात एक गोष्ट असते. पूर्वी लोक वस्तूला वस्तू देत, मग ते गैरसोयीचं झालं, मग पैसा आला. अॅडम स्मिथनं १७७६मध्ये ही गोष्ट रूढ केली. कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५मध्ये आणि डेव्हिड ग्रेबर यांनी २०११च्या कर्जावरच्या पुस्तकात दाखवलं की अशी निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारी अर्थव्यवस्था कुणाला कुठे सापडलेली नाही. शेजारीपाजारी रोखीनं अदलाबदल करत नाहीत, ते एकमेकांचे देणेकरी राहतात. आज मी, उद्या तू.

किनाऱ्यावर याचं ओळखीचं रूप आहे. कोळणी सुकी मासळी घेऊन आतल्या गावांत जायच्या आणि भात घेऊन यायच्या. पण त्या कुणाच्याही दारात बसत नसत. घरं ठरलेली असत. मासळी आज, भात कापणीनंतर. मालिनोव्स्की म्हटलं की सगळ्यांना ‘कुला’ आठवतो, शंखांच्या माळा आणि बांगड्यांची बेटाबेटांतून फिरणारी मानाची देवाणघेवाण. पण त्याच पुस्तकात ‘वासी’ नावाच्या व्यवहाराचं वर्णन आहे. किनाऱ्यावरची गावं आणि आतली कंद पिकवणारी गावं यांच्यात मासे आणि कंदांची देवाणघेवाण, ठरलेल्या जोडीदारांमध्ये, एकानं दिलं की दुसऱ्यावर परतफेडीचं बंधन. ज्याला ठरलेला जोडीदार नाही त्यानं सरळ घासाघीस करायची, आणि तिलाही वेगळं नाव, ‘वावा’. राई-उत्तनच्या वाचकानं मालिनोव्स्की वाचताना कुला सोडून थेट या पानांवर जावं. ती ओळखीची वाटतील.

आजही मासळी बाजारात वजनाऐवजी ‘वाटा’ लावलेला दिसतो. वाट्याला भाव असतो, पण वाटा किती मोठा हे समोरचा चेहरा पाहून ठरतं. आणि पैसे देऊन झाल्यावर वर टाकलेली दोन-चार कोलंब्या, ती ‘वर’. मॉसच्या भाषेत बोलायचं तर विक्रीच्या पोटात लपलेली भेट. ती भेट तुम्हाला पुढच्या आठवड्यात त्याच पाटीसमोर उभं करते.

पण इथे थांबलो तर मीही गावाचा गोड फोटोच काढला असं होईल. ठरलेलं घर हे नातं असतं तसं ओझंही असतं. हंगामाआधी मजुरानं अंगावर घेतलेले पैसे, ते फेडण्यासाठी त्याच मिठागरावर पुन्हा बांधलं जाणं, हीसुद्धा ‘आज मी, उद्या तू’चीच एक जात आहे, फक्त यात ‘उद्या’ कधी संपत नाही. मार्शल सालिन्स यांनी परस्परतेचे तीन प्रकार सांगितले. जवळच्या माणसांत हिशोब न ठेवता देणं, ओळखीच्यांत बरोबरीनं देणं-घेणं, आणि परक्याला लुबाडणं. जितकं अंतर जास्त तितका हिशोब कडक. मांडणी सुबक आहे, पण गावातला सगळ्यात कडक हिशोब पुष्कळदा शेजारच्याशी, भाऊबंदाशी, आपल्याच जातीतल्या मुकादमाशी असतो. अंतर कमी म्हणून लूट कमी, असं खाजणात तरी चालत नाही.

राशीच्या दुसऱ्या टोकाला

हाच धडा देशावरच्या राशीलाही लागू होतो, आणि तो मराठीत सांगितला गेलेला आहे. १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारं विधेयक मांडलं. महार वतनाच्या बदल्यात मिळणारं बलुतं हा मोबदला नसून वेठ आहे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. काम किती, याला मर्यादा नाही. मिळणार किती, हे देणाऱ्याच्या मनावर. पुढे १९७८मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं आणि त्या एका शब्दाची गोडी कायमची उतरवली. आत्रे रास कुणब्याच्या बाजूनं पाहतात आणि त्यांना घेणाऱ्यांची गर्दी दिसते. पवार तीच व्यवस्था हात पसरणाऱ्याच्या बाजूनं पाहतात.

अभ्यासकांनीही राशीला धक्के दिले. हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांवरून दाखवलं की बलुतेदार हे एकेका घराचे आश्रित नव्हते, ते अख्ख्या गावाचे सेवक होते. म्हणजे वायझरचं उत्तरेकडचं ‘जजमानी’ चित्र इथे जसंच्या तसं लावता येत नाही. पुढे १९८९मध्ये ख्रिस्तोफर फुलर यांनी तर धान्याच्या राशीची कल्पनाच आपण चुकीची धरली असं म्हटलं. पैशाविना चालणारं, बाजाराला अनोळखी, युगानुयुगं तसंच राहिलेलं गाव हे अभ्यासकांच्या डोक्यात जास्त होतं, जमिनीवर कमी. सारा रोख भरायचा तर गावात नाणं असणारच.

हे सगळं ठाऊक असूनही मराठी लेखनात रास डळमळत नाही. त्याचं एक कारण मला असं वाटतं की तिच्या जागी ठेवायला आपल्याकडे दुसरं तितकं भक्कम चित्र नाही. देशावरचा महसूल अधिकारी होता म्हणून ‘गावगाडा’ लिहिला गेला. खाजणाचा आत्रे झालाच नाही. शेजारी गोव्यात निदान दफ्तर तरी आहे. तिथल्या गावकऱ्या, पोर्तुगीज नावानं कोमुनिदाद, खाजणांचे बांध राखत. ‘मानस’ म्हणजे पाण्याच्या दारापाशी मासे धरण्याचा हक्क लिलावात देत, आणि आलेला पैसा गावाच्या हिशोबात जमा होई. भात, मासळी आणि बांध एकाच वहीत. राईच्या बाजूला अशी वही लोकांच्या हातात राहिली नाही.

वहीत काय लिहिलंय, त्याला भाव

राहिली ती सरकारची वही, आणि मीठ तिच्यात पीक म्हणून कधीच लिहिलं गेलं नाही. इंग्रजांसाठी मीठ म्हणजे कर. मिठागरावर पहारा, मोजणी, परवाना. म्हणून १९३०चा सत्याग्रह मिठावर झाला. महाराष्ट्रात वडाळ्याला, शिरोड्याला लोकांनी मिठागरांवर धडक मारली. १९४७मध्ये मीठकर गेला, पण मिठाची मोजपट्टी बदलली नाही. घटनेच्या केंद्रसूचीतली अठ्ठावन्नावी नोंद मिठाचं ‘उत्पादन, पुरवठा आणि वितरण’ याबद्दल आहे. भात राज्याकडे, मीठ केंद्राकडे. एकाच बांधाच्या दोन बाजू दोन सरकारांच्या दप्तरात गेल्या.

१७ मे २००६पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. गलगंड आणि मुलांच्या वाढीचा विचार करता त्यामागचं कारण खरं आहे, आणि मी त्याच्याशी भांडत नाही. पण परिणाम असा, की मिठागरावरचं जाडं मीठ जसं आहे तसं शेजाऱ्याला खायला विकणं कायद्याबाहेर गेलं. देशातलं तीन चतुर्थांशांहून जास्त मीठ आता गुजरातेत पिकतं. मिठागरांच्या कडेला राहणाऱ्या घरातही पुडीतलं मीठ येतं. पीक आणि ताट यांतला धागा असा तुटला, की तो तुटल्याची बातमीही झाली नाही.

मग जमिनीची वेळ आली. २०१७च्या पाणथळ नियमांत पाणथळीच्या व्याख्येतून दोन गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत. भातखाचरं, आणि मिठासाठी केलेले जलाशय. म्हणजे राईचा पावसाळा आणि राईचा उन्हाळा, दोन्ही व्याख्येबाहेर. मुंबईत २०२४मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडकडची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी वापरायचं ठरलं. मेट्रो ९च्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धे-मोर्वे पट्ट्यातली जमीन धरली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, कारशेड डोंगरीकडे हलवायचं ठरलं, आणि तिथे झाडांवरून नवा वाद उभा राहिला.

मेट्रो नको असं मी म्हणत नाही. भाईंदरच्या लोकलमध्ये सकाळी चढलेला कुणीही ते म्हणणार नाही. माझा मुद्दा वहीचा आहे. जमीन जाते तेव्हा मोजली कशी जाते? सातबाऱ्यावर भात असेल तर भाताचे पैसे. निवट्यांचे? चिंबोऱ्यांचे? बांधावर एकत्र घातलेल्या श्रमांचे? ‘ठरलेल्या घराचे’? उधाणाचं पाणी सामावून घेणाऱ्या रिकाम्या दिसणाऱ्या वाफ्यांचे? ज्याला कप्पा नाही त्याला रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याला भरपाई नाही. पाठ्यपुस्तकातले पाच कप्पे आणि ‘गावगाड्या’तली एकच रास हे निरुपद्रवी शैक्षणिक सोपेपण नाही. अधिकारी शाळेतून, परीक्षेतूनच येतात. ‘गाव म्हणजे शेती’ हे त्यांनी तिथेच पाठ केलेलं असतं, आणि मग मिठागर समोर आलं की त्यांना ती पडीक जमीन दिसते.

मग ‘गावगाडा’ वाचायचा की नाही?

वाचायचाच. पण तो एका प्रदेशाचा, एका टोकाकडून पाहिलेला, एका रागातून लिहिलेला हिशोब म्हणून. त्याच्या शेजारी ‘बलुतं’ ठेवून. आणि आत्र्यांचं एक मात्र पूर्ण उचलावं, ते म्हणजे त्यांची पद्धत. कोण घेतं, किती घेतं, बदल्यात काय देतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलं. दुसरा धागा इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांच्या १९७०च्या आठवडे बाजाराच्या अभ्यासात मिळतो. त्यांनी अभ्यासाचा घटक म्हणून एक बंद गाव घेतलं नाही, बाजार घेतला, म्हणजे जिथे अनेक गावं येऊन भेटतात ती जागा. राईला समजून घ्यायचं तर हीच दिशा बरोबर. गावाची वेस आखून आत काय आहे हे मोजण्याऐवजी, वेशीतून काय बाहेर जातं आणि काय आत येतं ते मोजायचं.

हे काम करायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. ज्यांच्या घरात मिठागरावर टोपली वाहिलेली आजी आहे, ज्यांच्या आजोबांना बांध कुठे फुटला होता आणि तो बांधायला कोणाकोणाच्या घरून माणसं आली होती हे आठवतं, ते लोक आज राईत, मुर्ध्यात, उत्तनला आहेत, आणि त्यांची नातवंडं खिशात रेकॉर्डर घेऊन फिरतात. विचारायचे प्रश्न साधे आहेत. मीठ कोण न्यायचं? बदल्यात काय द्यायचं, आणि कधी? उधारी कोण लक्षात ठेवायचं? निवट्या विकायच्या की वाटायच्या? जिताडा मिळाला तर तो घरी शिजायचा की कुणाच्या घरी पोहोचवावा लागायचा, आणि का? उत्तरं वेगवेगळी येतील, एकमेकांना छेदतील, काहींत लाज असेल, काहींत बढाई. ती सगळी तारीख घालून, आहेत तशी नोंदवावीत.

आत्र्यांना कुणब्याची रास वाचवायची होती, म्हणून त्यांनी तिचे वाटेकरी मोजले. इथल्या लोकांना काय वाचवायचंय हे त्यांनी ठरवायचं आहे. पण पुढची मोजणी टेबल-खुर्ची घेऊन गावात येईल, तेव्हा भात, मीठ आणि खाडी एकत्र लिहिलेली एक तरी वही गावाच्या हातात असावी.